लसूण न खाणारे सर

सरांच्या घरात लसूण नव्हता. हे पहिल्याच ओळीत लिहून टाकते, कारण जेव्हा ते मोठ्याने सांगायची वेळ आली तेव्हा माझ्या तोंडून नीट निघालं नाही.

चातुर्मासात मी कांदा-लसणाला हात लावत नाही. ग्वाल्हेरला इंदरगंजच्या मागच्या गल्लीत आमच्या मंडळाचं दत्ताचं लहान देऊळ आहे. तिथला रोजचा नैवेद्य माझ्या हातचा. आधी सासूबाई करायच्या, त्या गेल्यावर मंडळाने मला सांगितलं. सकाळी देवळातलं आटपून मी दुपारी सिटी सेंटरला सरांकडे स्वयंपाकाला जायची. काम धरलं तेव्हाच मी त्यांना म्हटलं होतं, की आषाढीपासून कार्तिकीपर्यंत तुम्हाला लसूण मिळणार नाही.

सर म्हणाले, "किती?"

"चार महिने."

"ते नाही. लसूण नसला की चव किती कमी होते?"

आता याला काय सांगायचं. मी भांडी घासायला घेतली.

हा 'किती' सरांच्या जिभेवरच बसलेला असायचा. आज ऊन फार आहे म्हटलं की किती. डोकं दुखतंय म्हटलं की किती. माझी नणंद वारली, दोन दिवस येणार नाही असं सांगितलं, तेव्हासुद्धा त्यांच्या तोंडातून 'कि' एवढं बाहेर आलं होतं. पुढचं त्यांनी गिळलं. मला वाईट वाटलं नाही. एवढं मोठं अक्षर गिळायचं म्हणजे त्यांना त्रास झाला असणार.

सर विद्यापीठात शिकवायचे, म्हणजे शिकवायचे कमी आणि भट्टी लावून बसायचे जास्त. उंच, हडकुळे, कायम एकाच रंगाचा सदरा. खरं तर सदरे पुष्कळ होते, सगळे त्याच रंगाचे. घराणं जुनं. "आमचे पणजोबा दरबारात होते," ते सांगायचे. "काम काय, तर उभं राहणं. आजोबांनी बसून करायचं काम मिळवलं. मी आणखी प्रगती केली, मी भट्टीशेजारी झोपतो." त्यांच्या बायको पुण्याला मुलीकडे कायमच्या राहायला गेल्या होत्या. भांडण काही नव्हतं. फोनवर रोज गप्पा चालायच्या. मी एकदा विचारलं, तुम्ही का नाही गेलात, तर म्हणाले, "दोन्ही दिशा सारख्याच चांगल्या असल्या तरी एक निवडावी लागते, बाई. का, ते मला अजून कळलेलं नाही. त्याचाच तर पगार घेतो."

शेवटी निवृत्त झाल्यावर तेही पुण्याला गेले. त्या घरात आता एक बँकवाले राहतात आणि त्यांना लसूण लागतो.

सरांच्या खिशात चिकटपट्टीचं रीळ असायचं. ते पातळ थरांचे दगड बनवायचे, सोन्यासारखे चमकणारे, आणि पट्टी लावून त्यांचा वरचा थर सोलून काढायचे. खालचा थर स्वच्छ निघतो म्हणे. ही सोलायची सवय हाताला इतकी लागली होती, की घरात काही शाबूत राहायचं नाही. कॅलेंडर, औषधाच्या बाटलीवरचा कागद, भिंतीचा पोपडा. वापरलेल्या पट्ट्या बाहीला चिकटलेल्या असायच्या. एक फ्रिजवर, एक चष्म्यावर, आणि एक मला वरणात सापडली होती. दिवाळीला मी चिरोटे केले तर त्यांनी एकही खाल्ला नाही. समोर ठेवून एकेक पापुद्रा वेगळा करत बसले आणि म्हणाले, "बाई, तुम्हाला हे लाटून जमतं. मला आठवडाभर भट्टी थंड करत बसावं लागतं, त्यात पडावची लाईन गेली की सगळं पाण्यात." लाईन पडावचीच का, हे त्यांनाच ठाऊक. विजेचा सगळा दोष ते स्टेशनजवळच्या पडाव भागावर टाकत.

पोळी त्यांना चौकोनी लागायची. गोल पोळीला दिशाच नसते, तिच्याशी बोलायचं काय, असं त्यांचं म्हणणं. चौकोनाला दोन दिशा, दोन्ही अगदी सारख्या, मग आपण कुठून तोडायला सुरुवात करतो आणि का. पहिला घास तोडण्याआधी ते पोळी फिरवून फिरवून बघायचे. पोळी गार व्हायची. मी म्हणायची, "सर, जिकडे तूप जास्त आहे तिकडून घ्या." ते म्हणायचे, "तूप सगळीकडे सारखं लावा. नाहीतर प्रयोग बिघडतो." मग मी सारखं लावायला शिकले.

आता वासाचं.

सरांच्या अंगाला लसणाचा वास यायचा. फोडणीतल्या लसणाचा नाही, तो चांगला असतो. खिशात पाकळी विसरून सदरा धुतला तर येईल तसा. श्वासाला यायचा, घामाला यायचा, गादीला यायचा. सर आंघोळ मन लावून करायचे, साबणाची वडी आठवड्यात संपवायचे, पण वास जात नसे. त्यांना स्वतःला तो कळत नव्हता. ते ई-रिक्षात बसले की पुढच्या चौकात बाकीचे उतरायचे, आणि सर घरी येऊन कौतुकाने सांगायचे की ग्वाल्हेरचे लोक हल्ली खूप चालायला लागले आहेत.

मला पहिल्या दिवशीच कळलं की हा खाण्याचा वास नाही. नैवेद्य चाखून बघायचा नसतो. मीठ जास्त झालं का, वरण खाली लागलं का, सगळं नाकावर ओळखायचं, असं सासूबाईंनी शिकवलं होतं. खरं तर वासही घेऊ नये म्हणतात, पण श्वास घेऊ नये असं कुणी म्हटलेलं नाही. तर मला एवढं कळलं की हे काहीतरी वेगळं आहे. काय आहे ते विचारायचं धाडस झालं नाही. शिकलेल्या माणसाला, तुम्हाला वास कसला येतो हो, असं कोणत्या शब्दांत विचारतात ते चौथीपर्यंत कुणी शिकवलं नव्हतं.

त्यांचं काम काय, ते मात्र त्यांनी न विचारता समजावलं. मी कणीक मळत होते आणि ते फ्रिज उघडून त्यात डोकं घालून उभे होते. गरम व्हायला लागलं की ते असेच उभे राहायचे.

"बाई, पंगत मांडली आहे असं समजा. पाट सारख्या अंतरावर. पाट म्हणजे अणू, माणसं म्हणजे इलेक्ट्रॉन. गरम आहे तोवर सगळे चुळबुळत असतात, कोण कुठे बसलंय याला अर्थ नसतो. पण थंड करत नेलं की एक क्षण असा येतो, माणसं आपसूक सरकतात. इथे थोडी दाटी, तिथे थोडं मोकळं, पुन्हा दाटी, पुन्हा मोकळं. लाट असते ती. आणि माणसं सरकली की पाटही त्यांच्याबरोबर जरासे सरकतात."

"मग वाढपी कुठून जाणार?" मी विचारलं.

सरांनी फ्रिजमधून डोकं बाहेर काढलं. "तेच. वाढप्याला त्रास होतो. विजेला तसाच त्रास होतो." मग ते खूष होऊन एक कच्ची चौकोनी पोळी सोलायला लागले, ती मी काढून घेतली.

पुढे त्यांनी सांगितलं की हे त्यांच्या दगडात होतं. एक थर दुर्मिळ मातीच्या धातूचा, मग दोन थर टेल्युरियम नावाच्या धातूचे, असं एकावर एक. "दुर्मिळ नुसतं नावाला. आपल्या लष्कर भागातल्या सरदार घराण्यांइतकंच दुर्मिळ. आंधळ्याने दगड मारला तरी एकाला लागतोच." ते दुर्मिळवालं मधल्या थरात गप्प बसून असतं, आपल्याजवळचं शेजारच्यांना देऊन टाकतं, आणि सगळी गंमत होते ती टेल्युरियमच्या थरात. तिथे अणू चौकोनात बसलेले. लाट उभी जाऊ शकते, आडवीही जाऊ शकते. पण जाते एकाच बाजूला. "का?" सर विचारायचे. मला विचारल्यासारखं विचारायचे आणि उत्तराची वाट बघायचे. काही दगडांत आणखी थंड केलं की मग दुसरी लाट येते, पहिलीला आडवी. ती दुसरी लाट स्वतःच्या डोळ्यांनी नीट दिसावी, ही त्यांची फार इच्छा होती. यंत्रावर ठिपके दिसायचे, पण ठिपक्यांवर त्यांचं समाधान नव्हतं.

"आणि एक आहे," ते म्हणाले. "ही लाट कुठेतरी खड्ड्यात अडकून बसते. थोडं ढकललं, हलत नाही. आणखी ढकललं, नाही. पण नेमका पुरेसा जोर दिला की अख्खी सरकते, एकदम. अर्धवट नाही."

मला ते आवडलं होतं.

त्या वर्षी भाद्रपदात ई-रिक्षावाल्यांचा संप होता. आरतीला उशीर होत होता म्हणून सरांनी मला स्कूटरवर देवळापर्यंत सोडलं. फाटकाशी काकासाहेब आणि वहिनी उभे होते. काकासाहेब म्हणजे आमच्या मंडळाचे अध्यक्ष, सराफ्यात त्यांचं दुकान आहे. वहिनी त्यांच्या बायको, आणि अध्यक्षांच्या अध्यक्ष. सरांनी हेल्मेट काढून नमस्कार केला. वहिनींनी पदर नाकाला लावला.

दुसऱ्या दिवशी मंडळाच्या ग्रुपवर काकासाहेबांनी लिहिलं, 'नैवेद्याच्या शुद्धतेविषयी चर्चा. सर्वांनी यावे.' खाली पुष्कळांनी हात जोडले, एकाने चुकून वाढदिवसाचा केक पाठवला.

सभामंडपात सगळे बसले. वहिनींनी विचारलं, "त्या प्रोफेसरला तू चातुर्मासात लसूण घालतेस? खरं बोल."

मी म्हटलं, "नाही."

"काय म्हणाली?" मागून कुणी विचारलं.

"नाही म्हणाली बहुतेक."

"बहुतेक मतलब? हो की नाही?"

मी पुन्हा म्हटलं. या वेळी माझं मलाच ऐकू आलं नाही. माझं असंच आहे. दोनापेक्षा जास्त माणसं असली की आवाज गळ्यात येऊन थांबतो. काकासाहेब म्हणाले, "राहू दे. तिचं गप्प राहणं हेच उत्तर आहे. ज्या हाताने दिवसभर लसूण सोलायचा त्याच हाताने देवाचं ताट करायचं, हे बरोबर नाही. एकतर प्रोफेसरचं काम सोडावं, नाहीतर नैवेद्य. गुरुद्वादशीला पडावच्या एका स्वयंपाकी महाराजाला सांगून ठेवतो. शुद्ध शाकाहारी आहे, पार्सलही देतो."

मी घरी आले. नैवेद्य गेला तर माझं काय जातं हे कुणाला सांगता येत नाही. देवळाच्या स्वयंपाकघरात मला बोलावं लागत नाही. मी जे करते ते ताटात मांडून समोर ठेवतात आणि सगळे हात जोडतात. माझ्यासाठी जोडत नाहीत, तेवढी अक्कल मला आहे. पण त्या वेळी मी ताटाच्या मागेच उभी असते. आणि सरांचं काम सोडलं असतं तर मी लसूण घातलाच होता असं झालं असतं.

तरी सोडायचंच ठरवलं. सरांना म्हटलं, "उद्यापासून येणार नाही."

"का?"

मी ओटा पुसला. पुन्हा पुसला. मग म्हटलं, "वास येतो."

"कशाला?"

"तुम्हाला."

सरांनी आपल्याच बाहीचा वास घेऊन बघितला. मग, अर्थात, म्हणाले, "किती?"

"वहिनींना रस्त्याच्या पलीकडून आला."

"वारा कुठला होता?"

मला रडू यायला लागलं, तेव्हा ते खुर्चीवर बसले आणि मी सगळं सांगितलं. एका माणसासमोर मला बोलता येतं. ऐकून झाल्यावर त्यांनी सांगितलं की वास टेल्युरियमचा. तो धातू बोटांतून, श्वासातून कणभर अंगात गेला की शरीर त्याचा असा वास करून बाहेर टाकतं, आठवडेच्या आठवडे. म्हणून प्रयोगशाळेत हातमोजे घालायचे असतात. सर घालत नव्हते. "मोज्यातून स्फटिक हाताळायचा म्हणजे नवरीशी पडद्याआडून बोलायचं," ते म्हणाले, पण आवाजात नेहमीचा जोर नव्हता. त्यांच्याकडे पीएचडी करणारी मुरैनाची एक मुलगी होती. तिने मला नंतर सांगितलं, "आंटी, मैं तो ग्लव्स पहनती हूँ, फिर भी सर के साथ बैठ-बैठ के लड़केवालों ने बोल दिया, लड़की को लहसुन का बहुत शौक है।"

"मला वाटायचं सगळ्यांना ठाऊक आहे," सर म्हणाले. "माझ्या नाकाला सवय झाली आणि बाकीचे बोलले नाहीत. मी तुमच्या मंडळात येतो."

"नको."

"जेवायला येतो. गुरुद्वादशीला सगळ्यांना आमंत्रण असतं ना?"

देवळात पाय न ठेवणारा माणूस. मी रात्रभर दत्तालाच विनवत होते की त्यांच्या स्कूटरचं पेट्रोल संपू दे.

मी सरांचं काम शेवटी सोडलं नाही, म्हणून गुरुद्वादशीला नैवेद्य पडावहून आला, चांदीच्या कागदात. मला पाट मांडायचं आणि मीठ-लिंबू वाढायचं काम होतं. मी पाट अगदी सारख्या अंतरावर मांडले. राग आला की माझं काम सुबक होतं.

सर आले. पणजोबांचा रेशमी कद नेसून आले होते. त्यावर मागे एक चिकटपट्टी होती. पहिल्या पंगतीत, बरोबर मधल्या पाटावर बसले आणि शेजाऱ्यांशी हवापाण्याच्या गप्पा मारू लागले. बोलणं म्हणजे श्वास सोडणं. शेजारचे आजोबा चार बोटं सरकले. त्यांच्या पलीकडचे त्यांच्यासाठी सरकले. तिकडे दाटी झाली, तर पुढच्या टोकाचे आणखी पुढे गेले आणि मध्ये मोकळं पडलं. दुसऱ्या बाजूला तसंच. पाट सर्रसर्र ओढले जात होते. आमटी घेऊन निघालेला वाढपी एका जागी आरामात जायचा, दुसऱ्या जागी दोन मांड्यांमध्ये अडकायचा. मी मिठाची वाटी घेऊन खांबाशी उभी होते आणि मला दिसलं. दाट, मोकळं, दाट, मोकळं.

सरांनाही दिसलं. ते पाटावर उभे राहिले. "बाई," त्यांनी पंगतीच्या डोक्यावरून मला हाक मारली, "बघा, हीच ती."

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मला मिठात बुडून जावंसं वाटलं.

काकासाहेब पुढे आले. "प्रोफेसरसाहेब, चातुर्मासात लसूण खाऊन देवाच्या दारात बसता?"

"लसूण मी खात नाही. बाई घालत नाहीत. हा धातूचा वास आहे."

"धातूला लसणाचा वास? तीन पिढ्या सराफी करतोय मी."

"तीन पिढ्यांत एकच धातू बघितलात, त्यात तुमचा दोष नाही," सर म्हणाले. "आणि दत्ताला तीन मुखं आहेत, म्हणजे नाकंही तीन. इतक्या वर्षांत त्यातल्या एकानेही बाईंच्या नैवेद्याची तक्रार केलेली नाही. तुम्हाला एकच नाक आणि केवढी घाई."

कुणीतरी हसलं, मग खोकल्यासारखं केलं. काकासाहेबांचा आवाज चढला. "सगळ्यांसमोर सांगतो. ज्याच्या अंगाला लसणाचा वास येतो त्याने, तो कुणीही असो, या आवारात पाय ठेवायचा नाही. वास जाईपर्यंत."

"मान्य," सर म्हणाले. "जातो. पण धातू एकदा बघून घ्या." आणि त्यांनी कदाच्या निरीतून दुमडलेली पट्टी काढली. उघडली तर आत नखाएवढा पातळ पत्रा, लालसर सोन्यासारखा.

पुढचं सगळं काकासाहेबांच्या हातांनी आपसूक केलं. सराफाच्या हाती पिवळं चमकणारं काही आलं की तो विचार करत नाही. त्यांनी पत्रा उजेडात धरला, अंगठ्याने चोळला, नखाने ओरखडला. सर म्हणत होते, "अहो, अहो, काकासाहेब," तोवर त्यांनी तो जिभेच्या टोकाला लावलासुद्धा.

"सोनं नाही," काकासाहेब म्हणाले.

"नाही," सर म्हणाले. "चूळ भरा. जीव जाणार नाही, एवढासाच आहे. फक्त आवार सोडायची तयारी ठेवा."

काकासाहेबांना तो अपमान वाटला. सर आपलं ताट उचलून फाटकाबाहेर गेले, नियमाप्रमाणे, आणि स्कूटरच्या सीटवर ताट ठेवून जेवले.

काकासाहेब वडीलधाऱ्यांच्या दुसऱ्या पंगतीला बसले. ती सभामंडपाच्या पायरीलगत, पहिलीला आडवी असते. मी मीठ वाढत गेले तेव्हा त्यांना वास नव्हता. लाडू वाढून होईपर्यंत यायला लागला. आधी मला वाटलं सर परत आत आले की काय, म्हणून वळून बघितलं. ते फाटकाबाहेर ताक पीत होते. मग ताकभाताच्या वेळी काकासाहेबांच्या उजवीकडच्यांनी पाट जरासा ओढला. मग डावीकडच्यांनी. त्यांच्या पलीकडचे पुढे झाले. दाट, मोकळं, दाट.

फाटकावरून सरांचा आवाज आला, अगदी हळू, देवळात बोलतात तसा. "बाई. दुसरी. आडवी."

त्यांच्या चेहऱ्यावर इतका आनंद मी कधी बघितला नव्हता. पुढे त्यांच्या कामाला काही बक्षीस मिळालं तेव्हासुद्धा नाही.

गर्दीतून एक बाई म्हणाली, "काकासाहेबांना पण येतोय हं." मग सगळेच वहिनींकडे बघू लागले, कारण काकासाहेबांचं खाणं वहिनींच्या हातचं.

"काहीतरी काय," वहिनी म्हणाल्या. "आमच्या घरात आषाढापासून लसणाचं नाव नाही. सकाळपासून माझ्याच हातचं खाल्लंय यांनी."

"मग वास कसला?"

वहिनी नवऱ्याकडे बघत राहिल्या, फाटकाकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "वास आला म्हणजे लसूणच खाल्ला असं कुठे आहे?"

हे वाक्य बोलून झाल्यावर त्यांना कळलं की आपण काय बोललो. हुशार बाई आहेत. वाढप्याच्या हातातली ताकाची कळशी घेतली आणि स्वतः मला वाढायला आल्या, मी उभी होते तरी. "उद्यापासून तूच कर नैवेद्य," म्हणाल्या. "त्या पडाववाल्याचं वरण पाणचट आहे."

सर दुसऱ्या दिवसापासून मोजे घालायला लागले. मुरैनाच्या मुलीने सांगितलं की दिवसभर कुरकुरतात, पण काढत नाहीत. मला त्यांनी यातलं काही सांगितलं नाही.

काकासाहेबांचा नियम मात्र काकासाहेबांनीच सगळ्यांसमोर केला होता. मागे घ्यायचा तर सरांना आत घ्यावं लागलं असतं, आणि तेवढे ते नमले नव्हते. त्यामुळे अध्यक्ष फाटकाबाहेर. तुळशीच्या लग्नात दर वर्षी तुळशीचे वडील तेच असतात, तर त्या वर्षी त्यांनी रस्त्यावरून मोबाईलवर कन्यादान केलं. मध्येच एका गाईने त्यांच्या अक्षता खाल्ल्या. त्यातून वास गेला की नाही हे ठरवायचं कुणी, असा प्रश्न आला. वहिनी घरच्या, त्यांचं नाक धरता येत नाही. तेव्हा मंडळाने ठरवलं की न चाखता मीठ ओळखते ते नाक खरं.

म्हणून रोज सकाळी मी स्वयंपाकघराला कडी घालून फाटकाशी जायची, काकासाहेब तोंड उघडून हा करायचे, आणि वास अजून आहे अशी मी मान हलवायची. मान हलवायला आवाज लागत नाही. ते दुकानात जायचे. वाईट वाटायचं. तीन पिढ्यांच्या सराफाने असं तोंड उघडून उभं राहायचं.

दत्तजयंतीच्या आदल्या सकाळी आवार माणसांनी भरलं होतं. मांडव घालणारे, फुलवाले, ग्रुपवर हात जोडणारे सगळे. जयंतीची पूजा अध्यक्ष करणार की नाही, हे आज ठरायचं होतं. काकासाहेबांनी हा केलं. मी वास घेतला. चहाचा आला, वेलचीचा आला. पुन्हा घेतला. काकासाहेब माझ्याकडे बघत होते, आणि त्यांचे डोळे मला ओळखीचे वाटले. सभामंडपात त्या दिवशी मी असंच बघत असणार.

"काय म्हणाली?" मागून आवाज आला. मी अजून काहीच म्हणाले नव्हते. "आहे की नाही?"

"नाही," मी म्हटलं.

तो शब्द मांडवाच्या पलीकडे ऐकू गेला. वर बांबूवर चढलेल्या माणसाने खाली बघितलं. काकासाहेबांनी फाटक ढकललं आणि आत आले, चप्पल काढायचं विसरून.

दुपारी मी सरांना सांगितलं. ते चौकोनी पोळी फिरवून बघत होते. इतकी माणसं होती आणि मी मोठ्याने बोलले, असं म्हटलं. ते मान वर न करता म्हणाले, "किती जोर लागला?"

पहिल्यांदाच मला उत्तर येत होतं.

"एक काकासाहेब," मी म्हटलं.